‘आहे का?’ एवढंच विचारणारं यंत्र

पुण्यात कोथरूडच्या पौड रस्त्यावरील एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी 2021 मध्ये विजेवरची विनाचालक गाडी तयार केली. तिला वाट दाखवणाऱ्या साधनांत लायडार, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने अंतर मोजणारं यंत्र, होता. या घराण्यातलं सर्वांत मुरलेलं यंत्र म्हणजे फिरत्या आरशाचा लेझर स्कॅनर. आत एक लेझर, परतलेला प्रकाश टिपणारा डोळा आणि मोटरवर गरगरणारा तिरका आरसा. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघतं. घड्याळ एक नॅनोसेकंद चुकलं, की अंतर 15 सेंटिमीटरनी चुकतं. सिक या जर्मन कंपनीच्या एलएमएस 200 मध्ये आरसा सेकंदाला 75 फेरे मारतो. 2005 मध्ये अमेरिकेच्या वाळवंटातली विनाचालक गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या ‘स्टॅन्ली’च्या टपावर सिकचे पाच स्कॅनर होते.

या यंत्राची ताकद त्याच्या मर्यादित प्रश्नात आहे. समोर काही आहे का आणि किती लांब, एवढंच ते विचारतं. कारखान्यात तेवढं पुरतं. माल वाहणाऱ्या स्वयंचलित गाडीपुढे माणूस दूरच्या पट्ट्यात आला की तिचा वेग कमी होतो, जवळच्या पट्ट्यात आला की ती थांबते. तो कामगार आहे की साहेब, याच्याशी स्कॅनरला देणंघेणं नसतं. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 1.8 टक्के परतवणारी काळी वस्तूही सुरक्षा-स्कॅनरला दिसावी लागते. रस्त्यावर मात्र पुढचा प्रश्न येतो: हे आहे तरी काय? मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत जाणाऱ्या बाईला उडवलं. चौकशीत निघालं, की गाडीच्या रडारला आणि लायडारला ती पाच सेकंदांहून आधी दिसली होती. पण संगणक तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही ठरवत राहिला. यंत्राने पाहिलं होतं. चुकला तो अर्थ.

यावर कुणी म्हणेल, माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो, मग स्वस्त कॅमेरे का नकोत? कॅमेरा अंतराचा अंदाज करतो, स्कॅनर ते मोजतो; अंधारात हा फरक जिवावर येतो. दुसरा आक्षेप अस्सल पुणेरी आणि वजनदार: कारखान्यातली पट्ट्यांची रीत कर्वे रस्त्यावर आणली, तर शेजारून घासून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीला गाडी ब्रेक मारील आणि डेक्कन गाठणार नाही. हे खरंच आहे. शिवाय अर्ध्या अंशाच्या टप्प्याने फिरणाऱ्या किरणांत दहा मीटरवर जवळपास नऊ सेंटिमीटरचं अंतर पडतं. टेम्पोच्या मागे लाल फडकं बांधून डोकावणाऱ्या सळया त्या फटीत किंवा आरशाच्या एकाच पातळीच्या वर-खाली निसटू शकतात. म्हणून स्कॅनर फेकायचा नसतो. एकाऐवजी अनेक पातळ्यांवर बघणारा निवडायचा, आणि चाचणी इथल्याच वस्तूंवर घ्यायची. त्यासाठी 1966 पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय संस्था याच कोथरूडमध्ये, टेकडीवर आहे. परदेशी चाचणीतल्या पादचारी पुतळ्याबरोबर सळयांचा टेम्पो, हातगाडी आणि रस्त्यात निवांत पसरलेलं कुत्रंही तिथल्या यादीत हवं. पुढेमागे बिनआरशाचे लायडार स्वस्त होतील, मोटर जाईल. सळया मात्र तेव्हाही टेम्पोबाहेर डोकावतच असतील.