मुळशीचा रस्ता सपाट का नाही?

“चाळीस किलोमीटरमध्ये फक्त चाळीस मीटर चढ! सपाट आहे रे, झोपेत जाशील.”

हे वाक्य माझ्या रूममेटचं. दसऱ्याची सुट्टी लागली, होस्टेल रिकामं झालं, मेस बंद पडली आणि घरी न गेलेले आम्ही तिघं उरलो: मी, रूममेट आणि समोरच्या खोलीतला सिव्हिलवाला. सबमिशन संपलेलं, खिशात पैसे नाहीत. सायकलवर मुळशीला जायचं ठरलं. रूममेटनं मोबाइलवर उंच्या काढल्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, मुळशी तलावाचं पाणी साधारण ६०० मीटर. अंतर चाळीसच्या आतबाहेर. भागाकार केला, हजारात एक चढ आला. एम-थ्री पहिल्या झटक्यात सुटलेल्या माणसाच्या भागाकारावर शंका कोण घेणार?

पहाटे पाचला निघालो ते रात्री पावणेदहाला होस्टेलच्या गेटवर उभे होतो. माझं कोपर सोललेलं, सायकलचं पुढचं चाक इंग्रजी आठासारखं. रेक्टर सरांना तेव्हा जे सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही. खरं म्हणजे जे सांगायला हवं होतं ते पुढे लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणी ना कुणी जाणारच, म्हणून.

पहिली चूक भागाकारातच होती. सुरुवातीची आणि शेवटची उंची वजा केली की मिळतो तो निव्वळ फरक. पाय भरतात ते एकूण चढानं. भूगाव-भुकूम गेल्यावर पिरंगुटचा छोटा घाट लागतो. तिथे धापा टाकत जेवढं कमावलं तेवढं पलीकडे पिरंगुटात उतरून घालवलं. वजाबाकीत ते शून्य, पण मांडीला विचारा. उतारावर मिळालेली ऊर्जा पुढच्या चढाला जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण तिचा बराचसा भाग वाऱ्यात आणि ब्रेकमध्ये जातो.

पौडपर्यंत रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला, २०२३ मध्ये नवा झाला, आणि तिथल्या वळणावळणांतून सायकलवाल्यानं अंधारातच निसटावं हे बरं. पुढेही डंपर आणि कंपन्यांच्या बस. पौड मागे पडलं की मात्र हवा बदलते. माले गावाच्या पुढे पाणी दिसायला लागतं आणि मग डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला तलाव असा रस्ता सुरू होतो. भात पिवळं पडत होतं, पलीकडच्या काठावर ढग अगदी पाण्याला टेकलेले. आम्ही तिघंही गप्प. थोडी शोभा बघून, आणि थोडं दम लागल्यामुळे.

कारण तलावाकाठी आल्यावर रस्ता सपाट होईल अशी आमची समजूत होती. पाणी सपाट, म्हणजे काठ सपाट! प्रत्यक्षात चढ, उतार, ओढ्यावरची मोरी, पुन्हा चढ. हे संपेचना. शेवटी एका मोरीवर बसून सिव्हिलवाल्यानं काडीनं मातीत काढून दाखवलं.

नदीच्या खोऱ्यात रस्त्याला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे तळ. तिथे चढ हळूहळू वाढतो. पण धरण बांधलं की नेमकी तीच जागा पाण्याखाली जाते. मग वाट डोंगराच्या अंगावर ढकलली जाते. आणि सह्याद्रीचा डोंगर म्हणजे भिंत नव्हे, त्याला सोंडा असतात. हाताचा पंजा टेबलावर ठेवा: बोटं म्हणजे सोंडा, मधल्या फटी म्हणजे ओढे. प्रत्येक फटीत पाणी आत शिरलेलं. आता रस्ता करणाऱ्यापुढे दोनच पर्याय. एकाच उंचीवरून प्रत्येक बोटाला वळसा घालायचा, म्हणजे सपाट पण अंतर दुप्पट-तिप्पट. नाहीतर बोटांवरून सरळ आडवं जायचं, म्हणजे अंतर कमी पण प्रत्येक बोटाला एक चढ, एक उतार. पैसे आणि डांबर वाचवायचं तर बराचसा दुसरा पर्यायच निवडला जातो. समजा प्रत्येक सोंड तीस मीटरची आणि अशा वीस. एकूण चढ सहाशे मीटर झाला, आणि नकाशात सुरुवात-शेवट सारख्याच उंचीवर! पानशेत, वरसगाव, कुठलाही धरणाकाठचा रस्ता घ्या, गणित हेच.

चढाचं दुखणं आकड्यात बघू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. सपाटीवर ताशी २० किलोमीटरनं जायला वारा आणि चाकाचं घर्षण धरून साधारण ७५ ते ८० वॅट लागतात. सहा टक्के चढावर ताशी फक्त ८ किलोमीटरनं जायचं तरी ११५ वॅटच्या आसपास. म्हणजे वेग निम्म्याहून कमी आणि मेहनत दीडपट. त्यात माझी सायकल विदाउट गिअर, काळी, दांड्यांच्या ब्रेकची, काकांकडून आलेली. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. ताशी ८ च्या वेगाला मिनिटाला जेमतेम २५ फेरे पडतात. एवढ्या कमी फेऱ्यांत ११५ वॅट काढायचे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सगळं वजन पायडलवर टाकून उभं राहायचं. रूममेटकडे गिअरची. पुढे २८, मागे २८ लावलं की एका फेऱ्यात २.१ मीटर, मिनिटाला ६३ फेरे. काम तेवढंच, पण तो बसून गाणी म्हणत चालला होता. गुडघे वाचतात ते इथे. गिअरची सायकल मिळत नसेल तर चढावर उतरून ढकला. लाजायचं कारण नाही, मी अकरा वेळा ढकलली.

पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. बाकड्यावर एक आजोबा होते. “पोरांनो, कुठनं आलात? सायकलीवं?” मग आमच्या घामाकडे बघून तलावाकडे हात केला. “आमच्या पणज्याची खाचरं तिथं खाली. समदं आंबेमोहोर पिकायचं.”

मुळशीचा सत्याग्रह दहावीपर्यंत कधीतरी वाचलेला, एका मार्काचा. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी तो सुरू झाला. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण होणार, भातशेती आणि गावं बुडणार म्हणून मावळे उठले. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यातून मिळालं. लढा तीन वर्षं चालला, धरण झालंच. बापटांना तुरुंग भोगावा लागला. धरणग्रस्तांच्या लढ्यांमधला हा अगदी सुरुवातीचा. मघाशी सिव्हिलवाल्यानं मातीत काढलेला तो ‘सगळ्यात सोयीचा तळ’ म्हणजे कुणाचं तरी शेत होतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आजोबा तक्रार करत नव्हते. त्यांनी फक्त जागा दाखवली आणि चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

या पाण्याची गंमत अशी की मूळची मुळा पूर्वेला वाहते, पुण्यात मुठेला मिळते आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. धरणातलं पाणी मात्र पश्चिमेला वळवून पाइपांतून जवळपास ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथून ते कुंडलिकेत येतं. कोलाडला राफ्टिंग करता ते याच पाण्यावर. एक घनमीटर पाणी ५०० मीटर उतरलं की हिशेबानं १.३६ युनिट वीज. आम्ही प्रत्येकी शंभर वॅटनं आठ तास पायडल मारलं असतं तर ०.८ युनिट. म्हणजे माणसाचा अख्खा दिवस म्हणजे पाऊण टाकीसुद्धा नाही. वीजघरं का बांधतात ते कळलं. आजोबांचं उत्तर त्यात नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

निव्याच्या फाट्यावरून उजवीकडे पिंपरीकडे वळलो. मला विचाराल तर सगळ्या वाटेतला हाच तुकडा खरा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी, आणि अंधारबन नावाचं जंगल इथूनच सुरू होतं. ताम्हिणीचं अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं ते याच भागात. मोबाइलला रेंज नाही. स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येतो, आणि माझ्या चेनला तेल हवं होतं हेही तिथेच कळलं. हाच रस्ता पुढे भांबर्डे, सालतर खिंड, आंबवण्यावरून लोणावळ्याला निघतो. पूर्ण फेरी मारून पुण्यात यायचं तर दीडशे किलोमीटरच्या बरंच वर जातं. पहिल्याच वेळी तो नाद करू नका.

परत फिरलो आणि परतीच्या पावसानं गाठलं. येताना डोंगर आपल्या बाजूला होता, जाताना दरी आपल्या बाजूला येते. एका सोंडेवरून उतरताना सायकल चाळीसच्या वेगाला गेली असेल. ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. लोखंडी क्रोमची रिम ओली झाली की रबराची पकड इतकी कमी होते की थांबायला कित्येक पट अंतर लागतं. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, हे आपण बारावीत लिहितो, मी ते पायाखाली अनुभवत होतो. समोर वळण, कडेचे दगड दोन ठिकाणी पडलेले आणि त्यापलीकडे झाडांचे फक्त शेंडे. रस्त्याच्या कामाचा मुरुमाचा ढीग कडेला होता म्हणून आज हे लिहितो आहे. सायकल सरळ त्यात घातली.

सिव्हिलवाला मागून ओरडत आला. रूममेट काही बोललाच नाही, पांढरा पडला होता. दुधाच्या एका टेम्पोनं मला आणि सायकलला पौडपर्यंत आणलं. तिथल्या मिस्त्रीनं चाकाचा आउट जमेल तेवढा काढला आणि म्हणाला, “पावसात उताराच्या आधीच हलका ब्रेक लावत राहायचा, रिम पुसली जाते. वळणात लावून काय उपयोग?” फोर्थ सेमच्या मशीन डिझाइनपेक्षा हे मला जास्त लक्षात राहिलं.

तर जाणार असाल तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तर नकोच, रस्ता धबधब्याला आलेल्या गाड्यांचा असतो. अॅल्युमिनियमची रिम असलेली सायकल घ्या, ब्रेकची रबरं आदल्या दिवशी बदला. हेल्मेट. पुढचा-मागचा दिवा, कारण अंदाज चुकणारच. पौडनंतर पंक्चरवाला मिळेल असं धरू नका, पंप आणि ट्यूब जवळ ठेवा. आणि एकूण चढ मोजायचा असेल तर सिव्हिलच्या लायब्ररीत सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट बघा. दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर असतात. रस्ता चढताना जेवढ्या रेषा ओलांडतो तेवढ्याच मोजायच्या, उतरतानाच्या नाहीत. शीट एका दिवसासाठीच मिळते आणि आमच्या खोलीतली परवा परत जाते आहे.