कागदावर ‘84’ लिहिलंय, पण त्याचा अर्थ काय? मुलांचा बुद्ध्यांक असा वाचा

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक अम्मी फाईल घेऊन वर्गाच्या दारात थांबल्या होत्या. मुलगा चौथीत. वाचताना अडखळतो, तोंडी हिशेब मात्र फटाफट. कोणीतरी ‘बुद्ध्यांक तपासून घ्या’ असं सुचवलं, म्हणून त्यांनी तपासून आणला होता. कागदाच्या तळाशी ठळक अक्षरात 84. त्यांनी एवढंच विचारलं, “सर, मेरा बच्चा मतिमंद है क्या?”

नाही. बौद्धिक अक्षमता ठरवताना साधारण 70 च्या खालचा अंक बघतात, आणि तोही एकटा पुरत नाही. मूल स्वतःचं स्वतः आवरतं का, दुकानातून सामान आणून उरलेले पैसे परत देतं का, हेही तपासावं लागतं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बीएडला आम्ही हा विषय परीक्षेपुरता पाठ केला होता. या निमित्ताने पुन्हा नीट वाचला.

बुद्धिमत्ता म्हणजे काय, यावर मानसशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. 1904 मध्ये स्पिअरमन यांनी दाखवलं की एका प्रकारच्या चाचणीत पुढे असणारी मुलं बहुधा इतर प्रकारांतही पुढे असतात. त्यामागे एक सामान्य क्षमता असावी असं त्यांचं म्हणणं. 1983 मध्ये गार्डनर यांनी भाषा, गणित, संगीत, माणसं ओळखणं अशा अनेक बुद्धिमत्ता मानल्या. आपल्या घरातही बघा ना, जहीन, अक्लमंद आणि होशियार हे तीन शब्द आपण एकाच मुलाला वापरत नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती बघून आपण थक्क होतो, चाचणीत मात्र स्मरण हा अनेक भागांपैकी फक्त एक भाग असतो.

मोजमाप सुरू झालं ते पॅरिसमध्ये. 1905 साली आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी अवघड होत जाणारे प्रश्न तयार केले. शाळेत कोणाला जादा मदत लागेल ते शोधणं, एवढाच हेतू. आठ वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलांइतकंच सोडवू शकलं, तर त्याचं मानसिक वय सात. 1912 मध्ये स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायला सांगितलं, पुढे त्याला 100 ने गुणायची पद्धत पडली. म्हणजे 84 महिने भागिले 96 महिने, गुणिले 100, उत्तर साधारण 88. हल्ली बहुतेक चाचण्यांत भागाकार न करता त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतात. सरासरी 100 धरतात, आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये येतात.

म्हणजे हा अंक किलो-लिटरसारखा नाही. तो फक्त तुलना सांगतो. मग तुलना कोणाशी, हा प्रश्न येतोच.

याचं उत्तर आपल्या शेजारीच सापडतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी धारवाडकडच्या मुलांसाठी नव्याने बसवली. पॅरिसच्या मुलाच्या ओळखीची वस्तू किंवा शब्द इथल्या मुलाच्या ओळखीचा असेलच असं नाही, म्हणून. 1934 मध्ये त्यांचा लेख आला, 1940 मध्ये पुस्तक. ही ‘बिने-कामत’ चाचणी आजही आपल्याकडे वापरतात. तिचं प्रमाणीकरण कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर झालं होतं. घरात दखनी बोलणारं आपलं मूल त्या तुलनेत कुठे बसतं, हे विचारायला हरकत नसावी. कामतांनी फ्रेंच चाचणीला हाच तर प्रश्न विचारला होता.

त्या अम्मींच्या फाईलमध्ये दुसरी चाचणी होती, नागपूरच्या डॉ. आर्थर मलिन यांनी 1969 मध्ये वेक्स्लरच्या चाचणीवरून केलेली. तिचे दोन भाग असतात. शाब्दिक भागात सामान्य माहिती, आकलन, शब्दसंग्रह, तोंडी गणित वगैरे. कृतीच्या भागात ठोकळे जुळवणं, चित्रातली उणीव ओळखणं, चक्रव्यूहातून वाट काढणं. दोन्हींची सरासरी म्हणजे एकूण बुद्ध्यांक. मी कागद उलटला तर मागे लिहिलेलं होतं: शाब्दिक 71, कृती 97.

71 अधिक 97, भागिले दोन. 84.

मी विचारलं, “प्रश्न कोणत्या भाषेत विचारले?” “मराठीत.” घरात दखनी आणि शाळेत उर्दू, मराठी फक्त एका विषयापुरती. ज्या भागात भाषा जवळपास लागत नाही, तिथे पोरगं सरासरीला टेकलंय. 71 हा त्याच्या बुद्धीचा किती आणि मराठीचा किती, हे एकट्या 84 वरून कळत नाही. आणि 26 गुणांचा फरक असेल तर नुसत्या सरासरीवर थांबू नये. वाचनाच्या अक्षमतेतही असा फरक दिसू शकतो, म्हणून भाषेला दोष देऊन फाईल बंद करायची असंही नाही.

पालकांनी इथे सावध राहावं, कारण अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बुद्ध्यांक 85 च्या वर असल्यास पुढची तपासणी, असा टप्पा होता. दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. एका गुणाने मूल दाराबाहेर राहू शकत होतं. खरं तर तेच मूल आठवड्याने पुन्हा तपासलं, तर दोन-चार गुण सहज इकडेतिकडे होतात. झोप झाली नाही, समोरचा माणूस अनोळखी, इतकंही कारण पुरतं.

चाचणीला नेताना घरात कोणती भाषा बोलतात ते आधी सांगा. उर्दूत विचारणारं कोणी आहे का, ते विचारा. नसेल तर रेव्हनच्या आकृत्यांसारखी, शब्दांची गरज नसलेली चाचणी सोबत घेता येईल का ते बघा. अहवालात दोन्ही भागांचे गुण वेगळे लिहून मागा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली त्याची नोंदही मागा. आणि चाचणीतले प्रश्न घरी पाठ करून घेऊ नका. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीचा सराव आपण वर्षभर करून घेतो, ती स्पर्धा आहे. इथे पाठांतर केलं तर नुकसान मुलाचंच.

त्या अम्मींना मी वहीच्या पानावर तीन ओळी लिहून दिल्या: घरची भाषा, दोन गुणांतला फरक, आणि वाचन-लेखनाची वेगळी तपासणी करावी ही विनंती. पुढच्या तारखेला त्या पोराच्या अब्बांनाही सोबत नेणार आहेत.