नागा होण्याआधी स्वतःचं श्राद्ध

फ्रीगंजच्या जुन्या रेल्वे पुलाला जोडपूल, क्षिप्रेकाठी नवे घाट, रुंद रस्ते. २०२८चा सिंहस्थ जवळ येतोय तसं उज्जैनमधलं बोलणं याच विषयांभोवती फिरतंय. फ्रीगंजातल्या मराठी घरांना तर दोन्हीकडची गडबड: आधी २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकचं पर्व, त्यामागोमाग इथलं. पण ज्यांना पाहायला लोक मध्यरात्रीपासून घाटावर जागा धरतात, ते नागा साधू आखाड्यात येतात कसे, हे फारसं कुणी विचारत नाही.

आखाड्याच्या दारात उभ्या राहिलेल्या तरुणाला लगेच भगवं मिळत नाही. कुठला, घरी कोण, का निघालास, मागे काही भानगड आहे का, याची आधी चौकशी होते. मग गुरूच्या हाताखाली राहायचं. धुनी राखायची, भांडी घासायची, ब्रह्मचर्य पाळायचं. ही उमेदवारी काही वर्षं चालते. कुणाची सहा, कुणाची बारा. संसाराची ओढ सुटली नसेल तर ती याच काळात उघडी पडते.

त्यात टिकला तर पाच गुरू होतात. एक शेंडी कापतो, एक भगवं देतो, कुणी रुद्राक्ष, कुणी भस्म, कुणी लंगोटी. पुढचा टप्पा कुंभातच. मुंडण होतं, नदीत १०८ बुड्या मारल्या जातात आणि नदीकाठी पिंड मांडले जातात. सोळा पूर्वजांचे, सतरावा स्वतःचा. ज्या हातांनी बापाचं श्राद्ध घालायचं, त्याच हातांनी हा माणूस स्वतःचं घालतो. तिथे जुनं नाव आणि गोत्र संपतं. रात्री विरजा होम, धर्मध्वजेखाली जागरण, मग गिरी, पुरी, भारती अशा दहा नावांपैकी आपल्या परंपरेचं एक नाव. दिगंबर होण्याचा विधी सर्वांत शेवटी, मोजक्या लोकांसमोर. दीक्षा कुठे झाली यावरून ओळख पडते: हरिद्वारचा बर्फानी, नाशिकचा खिचडिया, उज्जैनचा खूनी. इथल्या वैशाखाच्या उन्हाने डोकं तापतं म्हणून हे नाव, असं साधूच सांगतात.

मराठी वाचकाने हे सगळं समजून घेण्यासाठी गो. स. घुर्ये यांच्याकडे जरूर वळावं. मालवणात जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणाऱ्या घुर्यांनी ल. ना. चापेकरांना सोबत घेऊन भारतीय साधूंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९५३ साली आलं. चमत्कार आणि भोंदूगिरी या दोन टोकांत अडकलेला विषय त्यांनी संस्था म्हणून अभ्यासला, आणि माझ्या मते आजही आखाडा समजून घेण्याचा हाच खरा रस्ता आहे. कारण आखाडा ही पक्की बांधलेली संस्था आहे. संन्याशांची विभागणी ५२ मढ्यांत. कोठार सांभाळायला कोठारी, पंगतीला भंडारी, शिस्तीला कोतवाल, आणि सगळ्यांवर श्रीपंच.

नव्या चेल्याची एवढी पारख का, याचं उत्तर मला इतिहासात दिसतं. आखाडे एकेकाळी फौजा होत्या. अनुपगिरी गोसावी पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने होता, पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी आला. ज्याच्या शेजारी उभं राहून लढायचं, तो माणूस आधी ओळखीचा हवाच.

आज तलवार मिरवणुकीपुरती उरली, म्हणून पारख सैल करून चालणार नाही. २०२५च्या जानेवारीत प्रयागच्या कुंभमेळ्यात १३ वर्षांच्या एका मुलीच्या संन्यासाचा गाजावाजा झाला. जूना आखाड्याने तिला आई-वडिलांकडे परत पाठवलं आणि तिला आणणाऱ्या महंताला सात वर्षांसाठी बाहेर काढलं. निर्णय योग्यच होता. पण तो बोभाटा झाल्यावर आला. त्याच मेळ्यात महामंडलेश्वर ही मानाची पदं झटपट वाटली जातात म्हणून साधूच साधूंवर तुटून पडले. एकीकडे बारा वर्षं भांडी घासणारा चेला आणि दुसरीकडे एका दुपारी पट्टाभिषेक, ही दरी आखाड्यांना शोभत नाही.

संन्यास हा सज्ञान माणसाचा निर्णय आहे. तो घेणाऱ्याबद्दल मला आदर आहे. जग सोडायला छाती लागते. म्हणूनच नाशिकला पहिला ध्वज चढण्याआधी तेराही आखाड्यांनी वयाची अट जाहीर करावी, छावणीच्या दारावर ती ठळक लिहावी आणि प्रत्येक नव्या उमेदवाराच्या घरी निरोप पोहोचवावा. सरकारने त्यात शिरायची गरज नाही. कोतवाल आहेत, श्रीपंच आहेत. पूल आणि घाट सरकार बांधेल. स्वतःचं श्राद्ध घालायला बसणारा माणूस सज्ञान आहे आणि स्वखुशीने बसला आहे, याची हमी मात्र आखाड्यानेच द्यायला हवी.