वैद्यकी सोडून रंगभूमीकडे
'नटसम्राट' म्हटले की आम्हा नाशिककरांना प्रथम आठवतात ते वि. वा. शिरवाडकर. ते साहजिकच आहे. परंतु १९७० साली अप्पा बेलवलकर रंगभूमीवर प्रथम उभे केले ते डॉ. श्रीराम लागू यांनी. १९२७ साली साताऱ्यास जन्मलेले लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, हातचा व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. पुढे १९७२ च्या 'पिंजरा' चित्रपटात त्यांनी अधोगतीस गेलेला मास्तर रंगविला. अप्पांचे घर जाते, मास्तरांची प्रतिष्ठा जाते. लागूंनी मात्र आपले स्थैर्य स्वतःहून सोडले होते. २०१९ साली ते निवर्तले. अशा त्यागाचे मोल केवळ टाळ्यांनी फिटेल काय?