दगडी भिंतींवरील प्रकाशचित्रे

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात ले बो हे डोंगरमाथ्यावर वसलेले प्राचीन गाव आहे. पिएर बेर्तिए या भूवैज्ञानिकाने १८२१ मध्ये या गावाजवळ एक खनिज ओळखले. अॅल्युमिनियमच्या त्या खनिजाचे बॉक्साइट हे नाव या गावावरूनच पडले. गावाजवळच्या डोंगरात पांढऱ्या चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. बांधकामाचा दगड काढून नेल्यावर उरलेली उंच, सरळ कापलेली दालने १९३५ मध्ये ओस पडली. आज या दालनांत जगप्रसिद्ध चित्रे प्रकाशाच्या रूपाने भिंतीभर, छतभर आणि पायाखालीही पसरतात. ‘कारिएर द ल्युमिएर’ या नावाने ओळखले जाणारे हे स्थळ सर्वावेष्टी प्रक्षेपण-कलेचे, म्हणजे प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणाऱ्या प्रकाशचित्रांचे, माझ्या मते सर्वांत अभ्यसनीय उदाहरण आहे.

या कलेचे पूर्वज अनेक आहेत. रॉबर्ट बार्कर यांनी १७८७ मध्ये वर्तुळाकार भव्य चित्राचे, अर्थात पॅनोरामाचे, एकाधिकारपत्र घेतले; प्रेक्षक मध्यभागी उभा राही आणि चित्र त्याच्याभोवती फिरलेले असे. दुसरी परंपरा जादूच्या कंदिलाची. महाराष्ट्रात कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हातांनी रंगवलेल्या काचपट्ट्यांचे खेळ केले. एकाहून अधिक कंदील वापरून पौराणिक प्रसंगांत हालचालीचा भास निर्माण करणारा हा प्रयोग आपल्याकडे चलचित्रांच्या आगमनापूर्वीचा आहे आणि त्याची आठवण अभिमानाने ठेवली पाहिजे. ले बोच्या खाणीत प्रेक्षकाला प्रकाशचित्रांनी वेढण्याचा विचार आल्बेर प्लेसी या फ्रेंच पत्रकार-छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात आणला. त्या वेळी स्लाइड, म्हणजे पारदर्शिका, भिंतींवर पाडल्या जात. २०१२ पासून ‘कुल्त्युरस्पास’ या संस्थेने तेथे अंकीय प्रक्षेपण सुरू केले.

कार्यपद्धती समजून घेतल्यास पाहण्याचा आनंद वाढतो. सुमारे १०० प्रक्षेपक, म्हणजे प्रोजेक्टर, दालनांत विखुरलेले असतात. दालनाची त्रिमितीय प्रतिकृती आधी संगणकात तयार केली जाते. खांब, कोपरे आणि खाचा यांनुसार प्रत्येक प्रतिमेला वाकवले जाते, जेणेकरून ती भिंतीवर सरळ दिसावी. शेजारच्या दोन प्रतिमांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढवून तेथील तेज क्रमशः कमी केले जाते. त्यामुळे सांधा दिसत नाही. संपूर्ण संचाला संगीताशी एकाच क्षणी जोडणे हे मध्यवर्ती संगणकाचे काम. मात्र एक मर्यादा कोणत्याही यंत्राला ओलांडता येत नाही: काळा रंग प्रक्षेपित करता येत नाही. काळे म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि पांढरा दगड शेजारचा प्रकाश परतवत राहतो. म्हणून गडद चित्रांची सावली थोडी धूसर होते, तर उजळ, ठळक रंगांची चित्रे दगडावर खुलतात.

व्हान गॉग यांची चित्रे येथे इतकी शोभून दिसण्याचे एक कारण हेच. दुसरे कारण स्थानाचे आहे. ‘तारांकित रात्र’ हे चित्र त्यांनी जून १८८९ मध्ये ले बोपासून जवळच असलेल्या सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात असताना रंगवले. मूळ पट सुमारे ७४ सेंटिमीटर उंच आणि ९२ सेंटिमीटर रुंद असून तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. भिंतीएवढे मोठे झालेले चित्र कुंचल्याच्या फटकाऱ्यांची दिशा अतिशय स्पष्ट दाखवते. पण रंगाच्या थराची जाडी मात्र दाखवू शकत नाही. ती प्रत्यक्ष पटाशीच पाहावी लागते. म्हणून प्रक्षेपणाला मूळ कलाकृतीचा पर्याय समजू नये. ते चित्राधारे रचलेले स्वतंत्र दृक्‌-श्राव्य काव्य आहे.

या प्रदर्शनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात ले बोप्रमाणे आधीच रचलेला, ठरावीक कालावधीचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवला जातो. दुसऱ्यात प्रतिमा त्या त्या क्षणी संगणक घडवतो आणि प्रेक्षकाच्या हालचालींनी ती बदलते. जपानमधील ‘टीमलॅब’ समूहाचे काम या प्रकारचे.

रिकाम्या औद्योगिक वास्तूंना नवे आयुष्य देणे हा या कलेचा मोठा उपयोग. पॅरिसमधील जुन्या ओतशाळेत २०१८ मध्ये आणि बोर्दो येथील दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी-तळात २०२० मध्ये कुल्त्युरस्पासनेच अशी दालने उघडली. बोर्दोत प्रतिमा जुन्या गोद्यांच्या पाण्यातही उमटते. भिंतींचे सौष्ठव पाहता मला ले बोची दालने अधिक प्रिय वाटतात.

ले बोला जाणाऱ्यांनी सोबत उबदार कपडा ठेवावा, कारण उन्हाळ्यातही खाणीत गारवा असतो. एका जागी उभे न राहता दालनांतून सावकाश फिरावे; त्याच दृश्याचा दुसरा कोन निराळा असतो. सँ-रेमी येथील ते मठ-रुग्णालयही त्याच प्रवासात पाहता येते.