खडी किती मागवायची? ब्रासचा हिशोब चुकला की नफा गेला

लँडस्केपिंगच्या कामात झाडं, लॉन यांचा हिशोब सगळे नीट करतात. खडी मात्र "बघू, अंदाजे मागवू" अशी येते. माझ्या पहिल्या कामात मीही तेच केलं. फार्महाऊसची पायवाट आणि गाडी लावायची जागा, काम उक्तं घेतलेलं. नजरेनं दीड ब्रास ठरवली. पार्किंगचा एक कोपरा उघडाच राहिला. मग अर्ध्या ब्राससाठी दुसरी फेरी मागवली, भाडं पूर्ण गाडीचं द्यावं लागलं. गाडी येईपर्यंत मजूर बसून होते, त्यांची हजेरी वेगळी. काम छान झालं, पण माझ्या हातात काहीच उरलं नाही.

दहा मिनिटांचं गणित केलं असतं, तर हे टळलं असतं. तेच गणित आज शिकूया.

१. आधी क्षेत्रफळ काढा

सगळी मापं फुटात घ्या. तेच काम उदाहरणाला घेऊ.

पायवाट: ५० × ४ = २०० चौरस फूट
पार्किंग: २० × १८ = ३६० चौरस फूट

पायवाट वळणाची असेल तर मधल्या रेषेवर दोरी टाका आणि दोरीची लांबी मोजा. गोल जागा असेल तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर घ्या, त्याला त्याच अंतराने गुणा आणि पुन्हा ३.१४ ने गुणा.

२. जाडी ठरवा, आणि इथेच सावध राहा

चालायच्या वाटेला २ ते ३ इंच खडी पुरते. गाडी उभी राहणार असेल तर खाली मुरूम दाबून घ्या आणि वर ४ इंच खडी टाका. आपण पायवाटेला ३ इंच, पार्किंगला ४ इंच धरू.

आता इंचाचे फूट करायचे. बरेच जण ३ इंच म्हणजे ०.३ फूट लिहून मोकळे होतात. चूक! फुटात १२ इंच असतात, १० नाही. म्हणून ३ इंच म्हणजे ०.२५ फूट आणि ४ इंच म्हणजे ०.३३ फूट. सोपा मार्ग म्हणजे चौरस फुटाला इंचाने गुणा आणि १२ ने भागा.

पायवाट: २०० × ३ ÷ १२ = ५० घनफूट
पार्किंग: ३६० × ४ ÷ १२ = १२० घनफूट
एकूण: १७० घनफूट

हेच ०.३ आणि ०.४ धरून केलं असतं तर २०४ आले असते. म्हणजे ३४ घनफूट खडी फुकट विकत घेतली!

३. वरची भर धरा

खडी दाबली की बसते, थोडी मातीत जाते, थोडी उतरवताना सांडते. त्यासाठी १० ते १५ टक्के जास्त धरा. १७० वर १५ टक्के म्हणजे साधारण १९६ घनफूट.

१०० घनफूट म्हणजे १ ब्रास. आपल्याला लागते २ ब्रास. मी मागवली होती दीड!

मुरूम खडीपेक्षा बराच जास्त बसतो. त्याचा हिशोब वेगळा करा आणि २५ ते ३० टक्के भर धरा.

४. गाडी आली की टेप बाहेर काढा

हौद्याची लांबी आणि रुंदी मोजा. खडीची उंची चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. हौदा १० × ६ फूट असेल तर २ ब्राससाठी उंची ३ फूट ४ इंच हवी. ती ३ फूटच भरली, तर माल १८० घनफूट आहे. फक्त चार इंच, पण २० घनफूट गायब!

लगेच भांडू नका. रस्त्यात हादरे बसून माल थोडा खाली बसतोच. म्हणून ऑर्डर देतानाच ठरवा, माप क्रशरवर धरायचं की साइटवर. आणि माप झाल्याशिवाय गाडी खाली करू देऊ नका. एकदा ढीग पडला की बोलण्यात अर्थ नाही. बिलासोबत वाहतूक पासही मागा, कारण खडी गौण खनिजात येते.

५. टनावर दर सांगितला तर?

आपल्याकडची काळ्या दगडाची कोरडी खडी ब्रासला साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. खात्री हवी असेल तर एक फूट लांब, रुंद आणि उंच असा खोका भरून वजन करा. जितके किलो, त्याला १०० ने गुणा, की एका ब्रासचं वजन मिळालं. शोभेचे पेबल्स किलोवर मिळतात, तिथेही हीच युक्ती चालते.

कोटेशनमध्ये काय लिहाल?

नुसतं "खडी टाकणे" लिहू नका. क्षेत्रफळ, दाबल्यानंतरची जाडी आणि खडीचा आकार लिहा. उद्या ग्राहक म्हणाला, "अजून थोडी टाका ना," तर जादा कामाचे पैसे मागायला तुमच्याकडे कागद असेल.

आजचा गृहपाठ: तुमच्या अंगणाचं किंवा सोसायटीच्या पार्किंगचं माप घ्या आणि ४ इंच खडीला किती ब्रास लागेल ते काढा. सराव घरी झाला, तर चूक ग्राहकाच्या साइटवर होणार नाही.