तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि घरातली बारीक करवत

श्रावणाच्या अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, मुलांचा. या दुसऱ्या पोळ्याला विदर्भात आणि विदर्भाला लागून असलेल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात ‘तान्हा पोळा’ म्हणतात. नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेने निघाल्यावर सावनेर आणि केळवद मागे पडले की लोधीखेडा लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नव्याने आखणी झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशावरील रेषा अशा बदलत गेल्या. परंतु या भागातील कापूस, संत्री, घरात बोलली जाणारी मराठी आणि मुलांचा हा पोळा रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखाच राहिला.

इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या काही वाचकांना हा सण केवळ ऐकून माहीत असेल, म्हणून थोडे सांगतो. मोठ्या पोळ्याला शेतकरी आपले बैल सजवून तोरणाखाली उभे करतो. तान्ह्या पोळ्याला मुले चाके लावलेले लाकडी बैल दोरीने ओढीत आणतात. या बैलाला इकडे ‘नंदी’ म्हणतात. त्याच्या पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, नाकात वेसण, कपाळी बाशिंग असा सगळा थाट असतो. पूजा झाली की मुले आपापला नंदी घेऊन घरोघर जातात आणि घरची वडील मंडळी त्यांच्या हातावर ‘बोजारा’ ठेवतात, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असे नागपुरात सांगितले जाते.

नीट पाहिले तर तान्हा पोळा हे गावाचे वार्षिक हस्तकला-प्रदर्शनच आहे. प्रत्येक दारी नंदी दाखविला जातो, निरखला जातो, त्याला ओवाळले जाते. ज्या काळी नंदी घरी किंवा ओळखीच्या सुताराकडे होत असे, त्या काळी दारातला पहिला प्रश्न असे, “कोणी केला रे?” आता बहुतेक ठिकाणी विचारले जाते, “केवढ्याला आणला?” प्रश्नातील हा बदल लहान वाटतो, पण सणाचा सारा अर्थ त्याने बदलून टाकला आहे. बाजारात नंदी हजारो रुपयांना मिळतात, आणि सजावटीच्या स्पर्धांतून पुष्कळदा उंची आणि झगमगाट यांचेच कौतुक होते. ज्या मुलाच्या घरी तेवढा पैसा नाही, ते आपला वीतभर नंदी घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहते. मुलांच्या सणात बापाच्या खिशाची परीक्षा होऊ लागली, तर तो सण मुलांचा उरत नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो कोणत्याही मराठी घराच्या ओसरीवर मावण्याजोगा आहे. तो म्हणजे बारीक पात्याची जाळीकामाची करवत. तिला कोणी ‘फ्रेट सॉ’ म्हणतात आणि विजेवर चालणाऱ्या तिच्या बहिणीला ‘स्क्रोल सॉ’.

हे छंदाचे हत्यार नवे नाही. इंग्लंडमधील डेरहॅम या लहानशा गावातून १८९५ मध्ये ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघू लागले. त्याच्या अंकांबरोबर लाकूड कापण्याचे नमुने मिळत आणि ते पाहून घरोघरी लोक रात्रीच्या दिव्याखाली चौकटी, घड्याळांची घरे आणि खेळणी कापीत बसत. त्याच्याही आधी, १८७० नंतरच्या दशकात, स्वीडनमधील ओटो सालोमन यांनी लाकूडकामातून मुलांचा हात, डोळा आणि चित्त एकाच वेळी घडविण्याची ‘स्लॉइड’ नावाची शिक्षणपद्धती उभी केली. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि त्यानंतर आखलेल्या योजनेत सूतकताईबरोबर सुतारकामालाही स्थान मिळाले. वर्धा लोधीखेड्यापासून फार दूर नाही. खुद्द लोधीखेड्याची ओळखही जुन्या गॅझेटियरांनी तांब्यापितळेच्या भांड्यांवरून करून दिली आहे. हाताने वस्तू घडविण्याचे कौतुक या मातीला नवे नाही, असा याचा अर्थ.

आता प्रत्यक्ष हत्याराविषयी. हातकरवतीची चौकट इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आणि चांगली खोल असते, म्हणजे रुंद फळीच्या मध्यापर्यंत पाते पोहोचू शकते. पाते सुमारे पाच इंच लांब आणि दोऱ्यासारखे बारीक असते. त्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली वळलेले ठेवायचे, कारण ही करवत खाली ओढताना कापते. टेबलाच्या कडेला ‘व्ही’ आकाराची खाच असलेली लहान फळी शिकंज्याने घट्ट बसवावी आणि कापावयाचे लाकूड तिच्यावर आडवे ठेवावे. पाते त्या खाचेत उभे वरखाली चालते. ते पुरेसे ताणलेले आहे की नाही हे कानाने ओळखता येते. नखाने छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ आवाज निघाला तर ताण बरोबर. बद्द आवाज आला तर सैल.

कापण्याचा नियम एकच आहे. हात उभ्या रेषेत चालवावा आणि वळविताना करवत नव्हे तर लाकूड वळवावे. तीव्र कोपरा आला की पाते जागच्या जागी हलके चालू ठेवून लाकूड हळूहळू फिरवायचे. घाईने पुढे रेटले की पाते तुटते. सुरुवातीला पाती तुटणारच, म्हणून डझनभर जवळ ठेवावीत. आतली जाळी कापावयाची असेल तर आधी गिरमिटाने छिद्र पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून त्या छिद्रातून ओवायचे, पुन्हा ताणून बसवायचे आणि मग कापायचे. देव्हाऱ्याच्या महिरपी आणि मखरांच्या नक्षी याच रीतीने होतात.

नंदीसाठी लाकूड घेण्यापूर्वी मात्र बैल पाहावा. ही सूचना थट्टेची नाही. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ मुलांना जवळून माहीत असलेला बैल हा लाकडाचाच उरला आहे. तेव्हा तो तरी खरा असावा. बाजारातील नंद्यांना बहुधा उंच, कमानदार शिंगे असतात. पण नागपूर, वर्धा, छिंदवाडा या भागाचा स्वतःचा बैल गवळाऊ जातीचा आहे. मराठ्यांच्या फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली असे मानतात. रंग पांढरा किंवा करडा, अंग हलके, डोके लांब आणि अरुंद, डोळे बदामी, शिंगे आखूड, बोथट आणि किंचित मागे झुकलेली, गळ्याखाली मोठी लोंबती पोळी, आणि बैलाचे वशिंड बरेचदा एका बाजूला कललेले. मुलाला वही-पेन्सिल देऊन हे सारे टिपून आणायला सांगावे. बैलाचे वशिंड खांद्यावर असते, पाठीच्या मध्यावर नव्हे, हे चित्र काढताना जितके पक्के कळते तितके पुस्तक वाचून कळत नाही.

चित्र पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावे. नवशिक्याने वीतभर लांबीचा नंदी करावा आणि सहा मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवुड वापरावे. एकूण चार थर लागतात. मधल्या दोन थरांत डोके, मान, वशिंड, धड आणि शेपूट असते, पाय नसतात. बाहेरच्या दोन थरांत खांदा, मांडी आणि पाय असतात, डोके नसते. दोन सारखे थर एकावर एक ठेवून चिकटपट्टीने बांधले आणि एकदमच कापले, तर दोन्ही तंतोतंत जुळतात. शिंगांचा लहान चंद्राकार तुकडा वेगळा कापून डोक्यावर केलेल्या खाचेत आडवा बसवावा. नाहीतर दोन्ही शिंगे एकाच्या पुढे एक दिसतात आणि बैलाचे रूप येत नाही. कानांना चामड्याचे तुकडे छान शोभतात.

चारही थर लाकडाच्या सरसाने चिकटवून, शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवावेत. सकाळी कानशीने कडा गोल कराव्यात. वशिंड एका अंगाला कललेले दाखवायचे असेल तर तेही कानशीनेच साधते. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबरचा, नंतर १२०चा, शेवटी २२०चा. नंदी ज्या पाटावर उभा राहणार त्याला चार चाके हवीत. चाकाचे मध्यछिद्र आधी पाडावे आणि गोल नंतर कापावा. गोल कापून झाल्यावर मध्य शोधीत बसले की चाक लंगडते.

मशीनची स्क्रोल सॉ असेल तर जाड ठोकळाही कापता येतो आणि मग एक सुरेख युक्ती करता येते. ठोकळ्याच्या एका अंगावर बैलाची बाजू आणि लगतच्या अंगावर त्याचे समोरचे रूप काढायचे. एक बाजू कापल्यावर सुटलेले तुकडे टाकून न देता चिकटपट्टीने पुन्हा जागच्या जागी बांधायचे, ठोकळा वळवायचा आणि दुसरी बाजू कापायची. शेवटी पट्टी सोडली की भोवतीचे तुकडे गळून पडतात आणि आतून सगळीकडून गोलाई असलेला बैल बाहेर येतो. लहान मुले हे पाहून टाळ्या वाजवितात. मोठ्यांनाही तो आनंद लपविता येत नाही.

काळजीच्या तीन गोष्टी. प्लायवुडचा भुसा फार बारीक असतो, म्हणून नाकावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि मशीन चालू असताना बोटे पात्याच्या रेषेत नसावीत. रंग मुलांच्या तोंडात जाण्याचा संभव असतो, म्हणून शिसे नसलेलाच घ्यावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा आपल्या देशात २०१७ पासून नियम आहे. डब्यावरची तशी नोंद पाहून घ्यावी. रंगाऐवजी जवसाचे तेल लावले तर लाकडाचा पोत खुलून दिसतो. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

घरातील कोणी काय करावे हेही ठरवून घेता येते. सहा वर्षांचे मूल पॉलिश पेपर घासते. दहा-बारा वर्षांची मुलगी किंवा मुलगा मोठ्यांच्या देखरेखीखाली हातकरवत चालवितो. छिद्र पाडणे आणि मशीन मोठ्यांकडे. आजीकडे झुलीचे काम द्यावे. जुन्या साडीचा जरीचा काठ यापेक्षा चांगल्या कामी क्वचितच येतो. नंदी पुरा होतो तेव्हा त्यावर घरातल्या तिन्ही पिढ्यांचा हात फिरलेला असतो आणि कोणाच्याही पाकिटाला फारशी झळ लागलेली नसते.

आता राहिला प्रश्न नंदी दाखविण्याचा. मराठी मंडळे, वाचनालये आणि सणसमित्या जिथे तान्ह्या पोळ्याची स्पर्धा भरवितात, त्यांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. विकत आणलेल्या आणि घरी केलेल्या नंद्यांच्या रांगा वेगळ्या असाव्यात. घरच्या रांगेत उंचीला गुण नसावेत. परीक्षकांनी मुलालाच विचारावे, “कसा केलास? पाते कुठे तुटले? शिंगे कशी बसविली?” ज्याने खरोखर हात लावला आहे ते मूल या प्रश्नांची उत्तरे रंगून देते. प्रत्येक नंदीशेजारी त्याचा पुठ्ठ्याचा नमुना टांगावा आणि ज्याला हवा त्याने तो उतरवून न्यावा. याने वर्षभरात नमुने एका घरातून दुसऱ्या घरात जातील, कोणी चाक सुधारील, कोणी शिंगे, आणि पुढच्या वर्षीची रांग आणखी देखणी होईल. जिथे सण सार्वजनिक होत नाही अशा दूरच्या शहरात चार मराठी घरांनी एकत्र येऊन एका अंगणात ही रांग मांडली तरी पुरे. बोजारा द्यायला दारे चारच असली म्हणून काही बिघडत नाही.

आषाढी एकादशीपासून पोळ्यापर्यंत साधारणतः सात आठवडे मिळतात. पहिल्या आठवड्यात बैल पाहून चित्र काढावे, दुसऱ्यात रद्दी फळीवर सरळ आणि वळणदार रेषा कापण्याचा सराव करावा, तिसऱ्या-चौथ्यात थर कापावेत, पाचव्यात चिकटवून घासावेत, सहाव्यात रंग किंवा तेल, आणि सातवा आठवडा झूल, घुंगरू आणि वेसण यांसाठी राखून ठेवावा. भाद्रपदाच्या पाडव्याला एखादे मूल आपल्या दारी नंदी घेऊन आले, तर बोजारा हातावर ठेवण्याआधी “कोणी केला रे?” एवढे मात्र आवर्जून विचारावे.